युरोपचं टेंडर आणि वाळूजचा कारखाना : एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

वाळूज एमआयडीसीतला हा कारखाना पत्र्याचं काम करतो. मालकांनी सुरुवात मोटारींच्या सुट्या भागांच्या जॉबवर्कपासून केली आणि कोविडच्या काळात ते रुग्णालयांच्या फर्निचरकडे वळले : ड्रेसिंग ट्रॉली, खाटेशेजारची लॉकर, सलाईन स्टँड. साठेक कामगार आणि वर्षाची उलाढाल आठ कोटींच्या आसपास. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, पण घटनाक्रम आणि चुका जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

मी छत्रपती संभाजीनगरात निर्यातीची कागदपत्रं करून देतो आणि जमेल तसा सल्ला देतो. मालकांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात, मीही म्हणतो. त्यांची मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. २०२२ मध्ये ती कारखान्यात आली आणि तेव्हापासून ऑफिसचं काम तीच बघते.

भाऊंच्या मालापैकी दोन तृतीयांश सरकारी खरेदीत जायचा. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर दर पाडून काम घ्यायचं आणि पैशांसाठी चकरा मारायच्या. एका बिलाला अकरा महिने लागले, त्यात ओव्हरड्राफ्टचं व्याज नफा खाऊन गेलं. ‘बाहेर जाऊ’ हा विचार तिथून आला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुलीला टेडवर एक जाहिरात दिसली. टेड म्हणजे टेंडर्स इलेक्ट्रॉनिक डेली. युरोपियन संघातल्या सरकारी कार्यालयांना ठरावीक रकमेवरची खरेदी इथे जाहीर करावीच लागते. २०२४-२५ साठी ही मर्यादा मालाच्या खरेदीत केंद्रीय खात्यांना १,४३,००० युरो आणि महापालिका, रुग्णालयं अशा स्थानिक संस्थांना २,२१,००० युरो होती. जाहिरात पोलंडमधल्या एका जिल्हा रुग्णालयाची होती. त्या निविदेतला ट्रॉली आणि लॉकर यांचा भाग अंदाजे ३ लाख युरोंचा. तेव्हाच्या ९० रुपयांच्या भावाने पावणेतीन कोटी.

युरोपियन संघातली सरकारी खरेदी वर्षाला सुमारे २ लाख कोटी युरोंची, म्हणजे तिथल्या सकल उत्पन्नाच्या १४ टक्क्यांच्या आसपास आहे. हा आकडा ऐकला की वाळूजच काय, कुठल्याही एमआयडीसीतल्या माणसाचे डोळे चमकतात.

अडचण कशी समोर आली

भाऊ माझ्याकडे आले तेव्हा एका एजंटाला १ लाख ८५ हजार रुपये देऊन बसले होते. ‘युरोपियन टेंडर नोंदणी’ अशी पावती होती. टेड बघायला एक पैसाही लागत नाही, खातं उघडणंही फुकट आहे. हे सांगितल्यावर भाऊ थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “गेले ते गेले. जाहिरात तर सगळ्या जगाला दिसायली. मग आपल्याला कोण अडवायलंय, तेवढं सांगा.”

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर शोधायच्या आधी मी दर काढायला बसलो, ही माझी चूक. पत्रा, मजुरी, पॅकिंग, जहाजभाडं यांत आमचे दहा दिवस गेले. अशा खुल्या निविदेला जाहिरातीपासून साधारण ३० ते ३५ दिवसच मिळतात, त्यातले हे दहा.

कागद वरवर पाहिले तर आम्ही बसत होतो. उलाढालीची अट सहसा कंत्राटाच्या किमतीच्या दुपटीपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ती ६ लाख युरो होती आणि भाऊंची उलाढाल त्याहून मोठी. पात्रतेचे ढीगभर दाखले सुरुवातीला जोडावे लागत नाहीत, स्वघोषणेचा एकच ठरलेला नमुना भरायचा असतो आणि दाखले जिंकणाऱ्याला द्यावे लागतात. आपल्याकडच्या टेंडरपेक्षा हे सोपं वाटलं.

पहिली ठेच सहीला लागली. भाऊंची क्लास थ्री डीएससी, म्हणजे डिजिटल सही, जेमला चालते, पण पोलंडच्या या निविदेला ‘पात्र’ इलेक्ट्रॉनिक सही हवी होती, म्हणजे युरोपियन संघाच्या मान्य यादीतल्या संस्थेने दिलेली. ती परदेशी माणसालाही विकत मिळू शकते, पण वेळ जातो. मुलगी त्याच्या मागे लागली असताना मला मूळ प्रश्न टोचायला लागला : आपल्याला आत येऊ देणार आहेत का?

जागतिक व्यापार संघटनेत सरकारी खरेदीचा एक वेगळा करार आहे. तो ज्या देशांनी केला त्यांच्या कंपन्यांना युरोपच्या मोठ्या निविदांत बरोबरीची वागणूक मिळते. भारत त्यात २०१० पासून निरीक्षक आहे, सदस्य नाही. पूर्वी यावर फारसं कोणी बोट ठेवत नसे. २२ ऑक्टोबर २०२४ ला युरोपियन न्यायालयाने कोलिन या तुर्की बांधकाम कंपनीच्या खटल्यात निकाल दिला. क्रोएशियातल्या एका रेल्वेमार्गाचं ते काम होतं. न्यायालय म्हणालं की ज्या देशांशी असा करार नाही त्यांच्या कंपन्यांना समान वागणूक मागण्याचा हक्क नाही. त्यांना आत घ्यायचं की नाही आणि कोणत्या अटींवर, हे खरेदी करणारी संस्था ठरवेल.

म्हणजे जाहिरात दिसते, भरताही येते, पण बाहेर काढलं तर इतरांसारखी दाद मागता येत नाही. याबद्दल रागावण्यात अर्थ नाही, हे मी भाऊंना तेव्हाही सांगितलं. आपल्याकडेही २०२० पासून २०० कोटींपर्यंतच्या सरकारी खरेदीला जागतिक निविदा काढायला बंदी आहे. ती बंदी भाऊंसारख्यांना आधारच देते. तिथल्या कारखानदारालाही तोच आधार हवा असतो.

कोणकोणत्या वाटा होत्या

सगळ्यात आधी मुलीने निविदेच्या पोर्टलवरून रुग्णालयाला प्रश्न पाठवला : भारतातली कंपनी, जिच्या देशाने खरेदीचा करार केलेला नाही, ती भाग घेऊ शकते का? सहा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. संघातल्या आणि करार असलेल्या देशांतल्या कंपन्यांच्याच निविदा विचारात घेतल्या जातील. या दोन ओळी पहिल्या दिवशी मागवल्या असत्या तर? हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही आणि त्यासाठी मुदतही दिलेली असते.

उत्तर आल्यावर आम्ही तिघं कारखान्याच्या ऑफिसात बसलो. एजंटाने फोनवरून एक वाट सुचवली होती : पोलंडमध्ये कंपनी काढा. तिथे मर्यादित कंपनी ५,००० झ्लॉटी भांडवलावर निघते, हे खरं आहे. पण नव्या कंपनीकडे पूर्वी केलेल्या कामांची यादी कुठून येणार? ती वाळूजच्या कंपनीची दाखवायची म्हटलं तर ‘तुम्ही कुठले’ हा प्रश्न परत उभा राहतो. शिवाय तिथला हिशेबनीस, कार्यालय, विक्रीनंतरची सेवा. भाऊंचं म्हणणं सरळ होतं : “इथली एक भट्टी पेटती ठेवताना दम लागायलाय, तिकडं दुसरी कोण फुंकणार?” मलाही ते पटलं.

तिथल्या एखाद्या कंपनीसोबत संयुक्त निविदा भरणं ही दुसरी वाट. मार्च २०२५ मध्ये तीही अंधुक झाली. रुमानियातल्या रेल्वेगाड्यांच्या खरेदीत एका चिनी कंपनीने रुमानियन कंपनीला सोबत घेतलं होतं, तरीही न्यायालयाने कोलिनचाच नियम लावला. मोठ्यांचं असं झालं तर साठ माणसांच्या कारखान्यासाठी कोण वकील लावणार?

संयुक्त राष्ट्रांच्या खरेदीचाही विचार झाला. युनिसेफचा पुरवठा विभाग आणि युनॉप्स या संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्प-सेवा संस्थेचं मुख्यालय कोपनहेगनला आहे, म्हणजे आहे युरोपातच, पण तिथे युरोपियन संघाचे नियम लागू नाहीत आणि भारतीय कंपन्या तिथे नेहमी माल देतात. नोंदणी फुकट. आम्ही ती ‘नंतर करू’ म्हणून बाजूला ठेवली.

चौथी वाट मुलीने काढली आणि या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. ती म्हणाली, “बाबा, आपण भरायच्या जाहिराती बघायलोत. जिंकलेल्यांच्या जाहिराती का बघू नयेत?”

टेडवर निविदेइतकाच निकालही छापावा लागतो. कोण जिंकलं आणि कितीला जिंकलं हे त्यात असतं. ही माहिती तिथे सगळ्यांना फुकट उघडी असते. प्रत्येक वस्तूला आठ आकडी खरेदी-संकेतांक असतो, वैद्यकीय फर्निचरचा ३३१९२०००. तो टाकायचा, देश निवडायचा आणि वाचत जायचं. ज्याला सरकारी टेंडरमध्ये शिरता येत नाही, त्याच्यासाठी टेड ही गिऱ्हाइकांची यादी आहे.

काय केलं

मार्चभर मुलगी संध्याकाळी सहानंतर तेच करत होती. पोलंड, झेकिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरीतल्या मागच्या तीन वर्षांच्या निकालांतून ४१ विजेते निघाले. त्यातले नुसते व्यापारी आणि स्वतः माल बनवणारे तिने वेगळे केले. बनवणाऱ्या २३ कंपन्यांना पत्रं गेली. ‘आम्ही अग्रगण्य उत्पादक आहोत’ असलं काही लिहिलं नाही. त्यांच्याच ट्रॉलीचा फोटो, त्यातला सांगाडा आणि ड्रॉवरची पेटी दाखवणारा बाण, आमचं ड्रॉइंग आणि दर. चार उत्तरं आली. एका पोलिश कारखान्याने नमुना मागवला.

इथे एक निर्णय भाऊंना जड गेला. आपण पूर्ण ट्रॉली आपल्या नावाने विकली तर युरोपियन संघाच्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमावलीनुसार आपण ‘उत्पादक’ ठरतो. मग तांत्रिक फाइल, माल युरोपच्या नियमांत बसतो असं सांगणारी सीई खूण, युरोपात अधिकृत प्रतिनिधी, नियमांची जबाबदारी घेणारी व्यक्ती, हे सगळं आलं. सुटे भाग दिले आणि जोडणी, तपासणी, नाव त्यांचं राहिलं तर तो भार त्यांचा, आपण पुरवठादार. धंद्याच्या हिशेबाने दुसरं सोपं होतं. पण ज्याने आपल्या मालावर नावाची पट्टी रिव्हेटने मारली, त्याला बिननावाचा माल पाठवा म्हणणं सोपं नाही. भाऊंनी दोन दिवस घेतले आणि मग हो म्हणाले.

जूनच्या सुरुवातीला त्यांचा गुणवत्ता तपासणारा माणूस वाळूजला आला. त्याने मापं घ्यायचा व्हर्नियर बाहेर काढायच्या आधी खिशातून कापसाचा बोळा काढला आणि ड्रॉवरच्या आतल्या कडेवरून हळूच फिरवला. बोळा पुढे गेला आणि मागे पांढरे धागे अडकून राहिले. त्याने काही न बोलता ते धागे बोटाने दाखवले. आमच्या डोळ्यांना ती कड गुळगुळीत होती. रुग्णालयात पुसणाऱ्या बाईचा हात तिथे कापतो आणि ओल्या फडक्याचा तंतू तिथेच राहतो.

सुपरवायझर म्हणाला, दोन माणसं बफिंगला वाढवू. जुन्या फिटरकाकांनी ते खोडलं. “कड घासत बसण्यापरीस दुमडून टाका ना. पत्रा बारा मिलिमीटर जास्त लागंल, पण कडच उरणार नाही.” पत्रा महाग, मजुरी कमी, आणि पेटी आधीपेक्षा ताठ झाली. पुढच्या नमुन्यावर कापूस सरकत गेला.

पाहुण्याने आणखी दोन गोष्टी विचारल्या. पहिली चाकांची. आमच्या ट्रॉलीची चाकं चीनमधून येत. प्रत्येक भाग कुठल्या देशाचा, याचा तक्ता त्याने मागितला. त्याच महिन्यात युरोपियन संघाने ५० लाख युरोंवरच्या वैद्यकीय उपकरणांच्या सरकारी खरेदीतून चिनी कंपन्यांना वगळलं आणि जिंकणाऱ्या निविदेतही चिनी मालाचा वाटा ५० टक्क्यांवर जाता कामा नये असं ठरवलं. आमच्या गिऱ्हाइकाची कामं एवढी मोठी नाहीत, पण तो सावध झाला होता. चाकं तो तिथेच घेणार असं ठरलं.

दुसरी गोष्ट पत्र्याची, आणि तिने आम्हाला जास्त दमवलं. त्याला १.४३०१ हवा होता, म्हणजे आपला ३०४ ग्रेडचा स्टेनलेस. ग्रेड बरोबर होती, पण मिलचा दाखला आणि हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या घाण्याचा क्रमांक? आपण पत्रा व्यापाऱ्याकडून कापून आणतो. नंबर मूळ शीटच्या कोपऱ्यावर असतो आणि तो कोपरा बहुतेक वेळा दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या तुकड्यात जातो. नंबर गेला की हा पत्रा कुठल्या भट्टीतून आला हे सिद्ध करता येत नाही. शेवटी भाऊंनी अख्खी शीट घेऊन कापणी आपल्याच शेडमध्ये सुरू केली आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर लिहायची सवय लावली. खेळतं भांडवल अडकलं, त्याचा त्रास अजून आहे.

यालाच कार्बन कराचा मुद्दा चिकटलेला आहे. लोखंड-पोलादाच्या आयातीवर, तो माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनाचे पैसे घेणारी युरोपियन संघाची व्यवस्था १ जानेवारी २०२६ पासून पैशांसह लागू होणार होती. वर्षाला एकूण ५० टनांपर्यंत आयात करणाऱ्याला सूट आहे, पण आमचं गिऱ्हाईक इतरांकडूनही पोलाद मागवतं, त्यामुळे ती सूट त्याला पुरणारी नव्हती. प्रश्न असा की आपला माल बसतो कुठे? सीमाशुल्काच्या यादीत ७३२६ या पोलादी वस्तूंच्या शीर्षकात बसला तर कार्बनचा हिशेब द्यावा लागतो, ९४०२ या वैद्यकीय फर्निचर व त्याच्या भागांच्या शीर्षकात बसला तर नाही. हे अंदाजाने लिहू नका असं मी सांगितलं आणि गिऱ्हाइकाला तिथल्या सीमाशुल्क खात्याकडून वर्गीकरणाचा बंधनकारक निर्णय घ्यायला लावलं. तो तीन वर्षं चालतो. निर्णय ९४०२ चा आला. सांगाडा आणि पेटी त्या ट्रॉलीशिवाय कशालाच लागत नाहीत, हे ड्रॉइंगवरून स्पष्ट दिसत होतं, म्हणून. ड्रॉइंग ढिसाळ असतं तर निर्णय वेगळा येऊ शकला असता.

काय झालं

पहिली ऑर्डर ३८,००० युरोंची, २६० नग. तीस टक्के आगाऊ, बाकी बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या, प्रतीवर, आणि वर पैसे बुडाल्यास भरपाई देणारा ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा. सप्टेंबर २०२५ मध्ये कंटेनर न्हावाशेव्याहून पोलंडमधल्या ग्दान्स्क बंदराला निघाला. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालत होती, त्यात दोनेक आठवडे जास्त गेले. लाकडी पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का हवा, तो होता. पण दोन पेट्यांमध्ये पुठ्ठा घालायचा राहिला आणि १७ नग पोचे पडलेले निघाले. त्यांची रक्कम भाऊंनी वाद न घालता वळती करून दिली. डिसेंबरमध्ये दुसरी, मोठी ऑर्डर आली.

नफ्याबद्दल एक सांगणं भाग आहे. दर दिला तेव्हा युरो ९०च्या घरात होता, पैसे आले तेव्हा १०३ च्या आसपास. पहिल्या ऑर्डरचा बराचसा नफा या फरकातून आला. तो काढला तर हातात थोडंच उरतं. दुसऱ्या ऑर्डरला आम्ही वायदा करून भाव बांधून घेतला.

कारखान्याच्या सरकारी कामाचा वाटा अजून निम्म्याच्या वरच आहे. पण पैसे वेळेवर देणारं एक गिऱ्हाईक मिळालं की बाकीच्यांशी बोलताना आवाज बदलतो, आणि तो फरक मी भाऊंच्या फोनवरच्या बोलण्यात ऐकला आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

एजंटाचे पैसे वाचले असते, हे उघड आहे. मला जास्त खटकतात ते दर काढण्यात घालवलेले दहा दिवस. ‘आम्हाला घेता का’ हे आधी विचारायचं आणि मगच कॅल्क्युलेटर उघडायचा, हा क्रम मी आता प्रत्येकाला सांगतो.

संयुक्त राष्ट्रांची नोंदणी आम्ही पुढे ढकलली, तीही चूक होती. तिथे आपल्या नावाने, पूर्ण माल, भारतीय कंपनी म्हणून देता येतो. भाऊंच्या मनातली नावाची पट्टी तिथे लागू शकली असती. नोंदणी नोव्हेंबरमध्ये झाली, पण तेव्हाच झाली असती तर एव्हाना एकदोन ठिकाणी दर देऊन अनुभव आला असता.

नाव सोडण्याचा निर्णय बरोबर होता का, यावर माझं आणि मुलीचं एकमत नाही. ती म्हणते, पाच वर्षं पुरवठादार राहू, मग स्वतःची फाइल करू. मला वाटतं फाइलचं काम आत्ताच थोडं थोडं सुरू करावं. दुमडलेल्या कडेची युक्ती आपली आहे, आणि आज ती दुसऱ्याच्या माहितीपत्रकात छापली जाते. करारात निदान ड्रॉइंगची मालकी कोणाची, हे लिहून घ्यायला हवं होतं. ते राहिलं. दुसऱ्या ऑर्डरच्या वेळी घातलं.

ज्या रुग्णालयाच्या जाहिरातीपासून हे सगळं सुरू झालं, तिचा निकालही टेडवर लागला. ते काम आमच्या गिऱ्हाइकाला मिळालं नाही. मुलीच्या ४१ जणांच्या यादीतल्याच दुसऱ्या एका कंपनीला मिळालं. मार्चमध्ये तिलाही पत्र गेलं होतं, उत्तर आलं नव्हतं. मुलीने तिला परत लिहिलं आहे. या वेळी ड्रॉइंगसोबत दोन फोटो जोडले : जुनी कड, कापसाचे धागे अडकलेली, आणि नवी कड.